तिसऱ्या प्रकरणातली किल्ली

त्या घरात जेवणाचं टेबल होतं, पण त्यावर कुणी जेवत नसे. त्यावर प्रबंध होता. एका टोकाला पहिलं प्रकरण, दुसऱ्या टोकाला संदर्भसूची, मध्ये चिठ्ठ्या खोचलेली पुस्तकं, आणि पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर आडवा ठेवलेला खलातला बत्ता. घरची माणसं स्वयंपाकघरात मांडीवर ताट घेऊन जेवत. आलेल्या पाहुण्यालाही तेच करावं लागे, आणि तो पुन्हा लवकर येत नसे.

ज्यांचा हा प्रबंध, त्यांना सगळी गल्ली प्रबंधबाई म्हणे. त्या कॉलेजात भाषा शिकवायच्या. मुलगा शाळेत असताना त्यांनी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. मुलगा शिकला, नोकरीला लागला, त्याचं कपाळ मागे सरकायला लागलं, तरी प्रबंध आपला टेबलावरच. विषय होता दक्षिणेकडच्या एका मराठी लेखिकेच्या कथा. ही लेखिका वारून जमाना झाला होता. दक्षिणेतल्या एका आडगावी तारघरात कारकुनी करत तिने आयुष्य काढलं आणि मागे काही बारीकसे कथासंग्रह ठेवले. ते ग्रंथालयाच्या खालच्या फळीवर होते, म्हणजे वाकणाऱ्यालाच सापडणार. घरात तिचं नाव पडलं होतं दक्षिणाबाई. "दक्षिणाबाईंना जरा पलीकडे सरकव, मला पेपर ठेवायचाय," असं मुलगा म्हणायचा, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

प्रबंधबाईंना दक्षिणाबाई भेटल्या त्या ऐन संसाराच्या रगाड्यात. शिक्षण अर्धं सोडून लग्न झालेलं, मूल रांगतं, आणि गॅसवर दूध. कुणीतरी विसरून गेलेलं पुस्तक त्यांनी उभ्या उभ्या उघडलं. गोष्टीतली बाई भांडी घासते, पालथी घालते, चूल विझवते, दाराजवळच्या खिळ्यावरची किल्ली काढून कमरेला खोचते आणि उंबऱ्यातून आत तोंड करून एवढंच म्हणते: "जाते." गोष्ट तिथेच संपते. दूध केव्हाच उतू गेलं होतं. आपल्याकडे घरातून निघणारं माणूस "येते" म्हणतं. "जाते" म्हणणारी ही पहिलीच बाई त्यांना भेटली. गेली! खरंच गेली! त्या दिवशी ओटा पुसता पुसता प्रबंधबाईंनी ठरवलं, की ही घर सोडून जाऊ शकते तर आपण निदान परीक्षेला तरी बसू शकतो. त्या बसल्या. पास झाल्या, शिकवायला लागल्या, आणि मग ज्या बाईने इथवर आणलं तिच्यावरच प्रबंध लिहायला घेतला.

त्यांचे यजमान मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते, म्हणजे पगार थांबला होता. मोजणी चालूच होती. माणूस सज्जन, पण प्रत्येक गोष्टीची हद्द ठरलेली असावी असा त्यांचा आग्रह. प्रबंधबाई ग्रंथालयात जायला निघाल्या आणि "येते हं" म्हणाल्या, की पेपरमागून आवाज यायचा, "किती वाजता?" त्या वेळ सांगायच्या. मग मोजणीदार म्हणायचे, "थांबतो जेवायला." हे प्रेमच होतं, नाही कशाला म्हणा! पण या प्रेमापायी प्रबंधबाईंनी कित्येक परिच्छेद अर्धे टाकून धावत घर गाठलं होतं. त्यांच्याही दाराजवळ खिळा होता, त्यावर जादा किल्ली होती. ती मुलगा न्यायचा, पुढे सून न्यायला लागली. प्रबंधबाईंनी कधी नेली नाही. त्या बेल वाजवायच्या, आणि मोजणीदार घड्याळाकडे बघत दार उघडायचे.

सूनबाई आली दक्षिणेतून. मुलगा चष्म्याचा नंबर काढायला गेला आणि स्वतःचाच नंबर लावून आला. मुलगी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. हसरी, कामाला चपळ, आणि गोष्टीचं पुस्तक हातात दिलं की दुसऱ्या पानावर गाढ झोपणारी. "दिवसभर मी लोकांकडून अक्षरं वाचून घेते ना आई," ती म्हणायची, "संध्याकाळी अक्षरं बघवत नाहीत." सून दक्षिणेतली मिळाली म्हणून प्रबंधबाईंना कोण आनंद झाला होता! त्या स्वतः दक्षिणेत कधी गेल्या नव्हत्या. जाणार होत्या, पण दर सुट्टीत काहीतरी निघायचं. दक्षिण त्यांनी वाचली होती, पाहिली नव्हती.

लग्नानंतर पहिल्यांदा कामावर निघताना सूनबाई चपला घालत म्हणाली, "जाते हं आई." प्रबंधबाईंच्या हातातली किसणी खाली पडली. त्या तडक मुलाच्या खोलीत गेल्या.

"काय बोललास तिला?"

"मी? काही नाही."

"मग ती जाते का म्हणाली?"

"आई, ती दुकानात गेलीय. तिची बोलायची तऱ्हा आहे तशी."

संध्याकाळी सूनबाई भाजीची पिशवी घेऊन हजर. प्रबंधबाईंनी तिला जवळ बसवून समजावलं, "जाते म्हणू नये गं, येते म्हणावं." सूनबाई "बरं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा "जाते" म्हणून गेली. आजकालच्या मुली या कानाने ऐकतात आणि त्या कानाने सोडतात, असं प्रबंधबाईंनी ठरवून टाकलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. कळसा रोज सकाळी उंबऱ्यात उभा राहून ओरडत होता आणि बाई वळसा घालत होत्या.

अखेर प्रबंध सादर झाला आणि तोंडी परीक्षेची तारीख आली. सगळ्यांसमोर विषय मांडायचा, प्रश्नांना उत्तरं द्यायची. बाहेरच्या परीक्षक खुद्द दक्षिणेतल्या निघाल्या. घरात सराव करायचं ठरलं. रविवारी दुपारी मोजणीदार आरामखुर्चीत, मुलगा जमिनीवर, सूनबाई भिंतीला टेकून आणि डोळे महत्प्रयासाने उघडे ठेवून, असे श्रोते जमले. प्रबंधबाईंनी तिसरं प्रकरण काढलं. हे त्यांचं लाडकं. त्यांच्या गाईडसरांचंही लाडकं. इतकं की दोन-तीन चर्चासत्रांत त्यांनी ते स्वतःच्या भाषणात घालून टाळ्या घेतल्या होत्या. प्रकरणाचं नाव होतं 'गृहत्याग'.

"'येते' न म्हणता 'जाते' म्हणणारी ही नायिका," प्रबंधबाई वाचू लागल्या, "परतीचे दोर कापून टाकते. लेखिकेच्या बहुतेक कथांचा शेवट याच शब्दावर होतो, हा योगायोग नव्हे."

"पण आई," सूनबाई जांभई दाबत म्हणाली, "संध्याकाळी आलीच असेल की ती."

"कुठे?"

"घरी."

"अगं, ती जाते म्हणालीय."

"हो, मग? मी पण रोज म्हणते. आमच्याकडे सगळेच म्हणतात. माझी आजी अंघोळीला निघाली तरी जाते म्हणायची."

प्रबंधबाईंनी पान उलटलं. पुढची आठ पानं किल्लीवर होती. किल्ली म्हणजे बंधनाचं प्रतीक, आणि ती सोबत नेणं म्हणजे बंधनावर मिळवलेली सत्ता, अशी ती आठ पानं.

"आणि मग किल्ली?" त्यांनी केविलवाण्या आवाजात विचारलं.

"परत यायचं नसतं तर किल्ली कशाला नेली असती? दार उघडायलाच नेली असेल ना?"

मुलगा फुस्सकन हसला. मोजणीदारांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं हसू घशातच राहिलं. प्रबंधबाईंनी कागद शांतपणे गोळा केले, वर बत्ता ठेवला आणि त्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेल्या. कपडे ओलेच होते. त्यांना वाईट वाटत होतं, आणि ते चूक निघाली म्हणून नव्हतं. ती बाई परत आली, याचं वाईट वाटत होतं. जिच्या जाण्याच्या भरवशावर अर्धं आयुष्य काढलं, ती संध्याकाळी भाजी घेऊन घरी आली होती.

दुसऱ्या दिवशी त्या गाईडसरांकडे गेल्या. सरांनी सगळं ऐकलं, उठून दार लावलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची."

"सर, पण ते चुकलंय."

"कोण म्हणतं?"

"माझी सून."

"सून काय संशोधक आहे?"

"दक्षिणेतली आहे, सर. आणि परीक्षकही."

सरांनी कपाळावरचा घाम पुसला. "हे बघा, त्यांनी अहवाल चांगला दिलाय. त्या विचारणार नाहीत, तुम्ही बोलू नका. एवढी वर्षं घालवली ती पाण्यात घालणार आहात का?" प्रबंधबाईंना ती घालवायची नव्हतीच. नावाच्या आधी डॉक्टर लागलेलं त्यांनी कागदाच्या कोपऱ्यांवर गुपचूप लिहून पाहिलं होतं, कॉलेजातल्या कोवळ्या पोरीही करणार नाहीत इतक्या वेळा.

घरी जायच्या ऐवजी त्यांचे पाय चष्म्याच्या दुकानाकडे वळले. आतल्या अरुंद खोलीत सूनबाईने त्यांना उंच खुर्चीवर बसवलं, नाकावर ती भिंगं अडकवायची जड चौकट चढवली आणि दिवा मालवून समोरची अक्षरं उजळली.

"तुमच्याकडे येते कुणीच म्हणत नाही?" प्रबंधबाईंनी अंधारात विचारलं.

"हनुवटी वर. नाही म्हणत. हे स्पष्ट की हे?"

"पहिलं. पण का नाही म्हणत?"

"येते म्हटलं की मागून विचारतात ना, कधी येणार म्हणून. जाते म्हटलं की विषय संपला. गेली. तिच्या सवडीने येईल. आता हे बघा, आधीचं बरं की हे?"

सूनबाईने दोनदा विचारलं तरी प्रबंधबाईंचं लक्ष नव्हतं. शेवटी सूनबाईने चौकट काढून घेतली आणि म्हणाली, "आई, तुमचा वाचायचा नंबर बदललाय. कधीचाच." त्या आठवड्यात वाचायच्या सगळ्या चुकांनी मिळून एकदमच बाहेर निघायचं ठरवलं होतं म्हणायचं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मोजणीदार टेबलाभोवती घुटमळत होते. या टेबलावर त्यांचा केव्हापासून डोळा होता. उद्या परीक्षा झाली की कागद माळ्यावर, टेबलावर नवं मेणकापड आणि चारीठाव जेवण, असा त्यांचा बेत सगळ्या घराला पाठ होता. प्रबंधबाईंनी त्यांनाच विचारलं, "अहो, तुमची मोजणी चुकली तर काय करायचात?"

"दगड उपटायचो."

"म्हणजे?"

"हद्दीचा दगड. चुकीच्या जागी रोवलाय हे कळलं, की उपटून पुन्हा लावायचा. दोन्हीकडचे शेजारी शिव्या देतात. वरचा साहेब तर फाडूनच खातो." ते जरा थांबले, टेबलाकडे त्यांनी एकदा डोळे भरून पाहिलं. "पण लावायचा."

"मग हे टेबल एवढ्यात मोकळं होणार नाही."

"मांडी आहे की," मोजणीदार म्हणाले.

परीक्षेच्या सभागृहात पुढे समिती, मध्ये आठ-दहा विद्यार्थी आणि शेवटच्या रांगेत घरची तिघं. बाहेरच्या परीक्षक उंच, पांढऱ्या केसांच्या, मांडीवर भलीमोठी पर्स. त्यांनी चष्मा लावला आणि पहिलंच वाक्य टाकलं, "तुमचं तिसरं प्रकरण मला सगळ्यात आवडलं."

गाईडसर खुर्चीत फुलले. सोपं होतं. नुसतं "आभारी आहे" म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"ते चुकलंय, बाई," प्रबंधबाई म्हणाल्या.

गाईडसर फुलले होते तसेच मिटले. प्रबंधबाई मात्र एकदा सुरू झाल्या त्या थांबल्या नाहीत. 'जाते' सांगितलं, सुनेला रोज टोकलं ते सांगितलं, अंघोळीला निघालेली आजी सांगितली, किल्लीची आठ पानं सांगितली. परीक्षक आधी ओठ मिटून हसल्या, मग खांदे हलवून, आणि शेवटी चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या.

"अहो, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे!" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माहीत असून तुम्ही मुद्दाम उलटं वाचताय. मी अहवालात लिहिलंय तसं, धाडसी वाचन म्हणून!"

"धाडस नाही हो," प्रबंधबाई म्हणाल्या, "अडाणीपणा."

सगळं सभागृह हसलं. गाईडसरही हसले, कारण आता हसायला हरकत नव्हती.

"बरं, मग आता काय म्हणायचंय तुमचं?" परीक्षकांनी विचारलं. "ती परत आली. संपली गोष्ट?"

"नाही." प्रबंधबाईंनी कागद बाजूला ठेवले. "माझी सून म्हणते, येते म्हटलं की मागून विचारतात, कधी. जाते म्हटलं की कुणी विचारत नाही. मी इतकी वर्षं समजत होते की या बायका घर सोडतात. त्या घर सोडत नाहीत. त्या फक्त वेळ सांगत नाहीत. किल्ली त्यांच्याकडे असते, दार कुणी उघडून द्यायला लागत नाही. मला हे दिसलं नाही, कारण... कारण मी कधी किल्ली नेली नाही, बाई. मला वाटायचं, एक तर राहायचं किंवा कायमचं जायचं."

शेवटच्या रांगेत मोजणीदार ताठ बसले होते. परीक्षकांचं हसू थांबलं होतं. त्या पर्सच्या बंदाशी चाळा करत म्हणाल्या, "माझी आई गेली तेव्हापासून मला जाते म्हणून कुणी घराबाहेर पडलेलं आठवत नाही. मीसुद्धा इकडं राहून येते म्हणायला लागले." त्यांनी चष्मा चढवला. "पदवी देऊ या. पण तिसरं प्रकरण पुन्हा लिहून द्यायचं. हे जे आत्ता बोललात, ते सगळं त्यात हवं. आणि सुनेचे आभार माना."

टाळ्या झाल्या. त्या आवाजाने सूनबाई दचकून जागी झाली आणि "झालं का?" म्हणून तिने नवऱ्याला विचारलं. गाईडसर भेटेल त्याला सांगत होते की हे आपण पहिल्यापासून म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी प्रबंधबाईंनी टेबल स्वतः रिकामं केलं. बत्ता खलात गेला, पुस्तकं कपाटात गेली. "मी ग्रंथालयात बसून लिहीन," त्या म्हणाल्या. "बास झालं आता मांडीवर जेवणं." मोजणीदारांनी विश्वास बसत नसल्यासारखं टेबल दोनदा पुसलं, मेणकापड अंथरलं, त्याच्या कडा चारी बाजूंनी सारख्या लोंबतात का ते वितीने मोजून पाहिलं. सून आणि मुलगा कामावर गेले होते; जाताना सूनबाईने आज किल्ली खिळ्यावरच ठेवली होती. मोजणीदारांनी समोरासमोर दोन ताटं मांडली, पाणी ठेवलं, मीठ ठेवलं.

प्रबंधबाईंनी खांद्याला पिशवी लावली, नवा चष्मा डोळ्यांवर सारखा केला आणि दारात चपला घातल्या. मोजणीदारांची पाठ होती. प्रश्न त्यांच्या जिभेवर तयारच होता.

"जाते," प्रबंधबाई म्हणाल्या.

"कि..." मोजणीदार वळले. दार लागलं होतं. पायऱ्यांवर चपलांचा आवाज खाली खाली जात होता, आणि त्यात घाई नव्हती.

ते तसेच उभे राहिले, हातात पळी घेऊन. मग दाराजवळ गेले आणि त्यांनी खिळ्याकडे पाहिलं. खिळा रिकामा होता. ते परत आले, समोरच्या ताटात वाढून त्यावर झाकण घातलं, मग आपलं ताट वाढून घेतलं आणि टेबलावर जेवायला बसले.